पेज फॉल्टचा अ‍ॅड्रेस का बदलतो, आणि एन्ट्री कोड सी मध्ये कसा न्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एक्स८६-६४ वरच्या तुमच्या छोट्या कर्नलमध्ये प्रत्येक व्हेक्टरला (इंटरप्ट किंवा एक्सेप्शनच्या क्रमांकाला) हाताने लिहिलेला असेंब्ली स्टब, म्हणजे सुरुवातीचा छोटा कोड, आहे. नवा ट्रेसर (काय घडतंय याची नोंद ठेवणारा कोड) जोडल्यापासून पेज फॉल्टच्या, म्हणजे मेमरीचं पान वापरता न आल्याने होणाऱ्या एक्सेप्शनच्या, हँडलरला अधूनमधून भलताच अ‍ॅड्रेस मिळतो. मग सगळा एन्ट्री कोड (कर्नलमध्ये शिरतानाचा हा कोड) एकदम सी मध्ये लिहून काढावा का? एकदम नका काढू. आधी तो अ‍ॅड्रेस बघू, पुढची रचना कशी असावी हे त्यातूनच कळतं.

फॉल्ट झाला की प्रोसेसर अ‍ॅड्रेस सीआर२ मध्ये ठेवतो, आणि हे रजिस्टर एका कोअरला एकच. तुम्ही टाकलेला स्टब रजिस्टर्स पुश करतो, मग इंटरप्ट बंद झाल्याची नोंद करायला ट्रेसरला कॉल करतो, आणि त्यानंतर कुठे सी मधला हँडलर सीआर२ वाचतो. ट्रेसरचा बफर लागेल तसा मॅप होत असेल तर नोंद लिहितानाच दुसरा फॉल्ट होणार. तो नीट सुटतोही, पण तोवर सीआर२ मध्ये बफरचा अ‍ॅड्रेस जाऊन बसलेला असतो. मूळ अ‍ॅड्रेस गेला तो गेलाच. लिनक्समध्ये हाच घोळ होता. २०१९ मध्ये कर्नल डेव्हलपर पीटर झाइल्स्ट्रा यांनी सीआर२ वाचणं ट्रेसिंगच्या आधी आणून तो मिटवला. आज तिथल्या पेज फॉल्ट हँडलरचं पहिलंच काम अ‍ॅड्रेस उचलून लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवणं हे आहे.

म्हणून असेंब्ली की सी, हा वाद माझ्या मते दुय्यम आहे. इंटरप्ट आल्यापासून कर्नल पूर्ण भानावर येईपर्यंत एक छोटा पट्टा असतो. त्यात ट्रेसर, प्रोब (चालू कोडमध्ये घातलेले तपासबिंदू), सॅनिटायझर (मेमरीच्या चुका पकडणाऱ्या तपासण्या) यांतलं काहीही चालता कामा नये. हा पट्टा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे तुमच्या कोडमध्ये स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर तो सी मध्ये नेऊनही दुखणं तसंच राहील. उलट वाढेल, कारण असेंब्लीत निदान प्रत्येक कॉल डोळ्यांना दिसतो. सी मध्ये कंपायलर स्वतःहून कॉल घालतो. एखादं स्ट्रक्चर शून्याने भरलंत की मेमसेटला (मेमरी भरणाऱ्या फंक्शनला) कॉल जाऊ शकतो. तुम्ही इनलाइन (कॉलच्या जागीच उतरवायचं म्हणून) लिहिलेलं फंक्शनही तो खुशाल बाहेर काढतो, त्यामुळे या पट्ट्यात सक्तीचं इनलाइनच वापरा.

२०२० मध्ये थॉमस ग्लाइक्सनर, अँडी लुटोमिर्स्की आणि झाइल्स्ट्रा यांनी एक्स८६ चा एन्ट्री कोड नव्याने बांधला, आणि तो लिनक्स ५.८ मध्ये आला. त्यातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे या पट्ट्यातली फंक्शन्स 'नोइन्स्ट्र' नावाच्या वेगळ्या सेक्शनमध्ये टाकली, आणि तिथून बाहेर कॉल जात नाही ना, हे ऑब्जटूल (लिनक्सचं ऑब्जेक्ट फाइल तपासणारं साधन) बिल्डच्या वेळीच तपासू लागलं. बाहेर कॉल करायचाच असेल तर इथून इथपर्यंत चालेल अशी खूण करावी लागते. शिस्त कुणाच्या लक्षात राहण्यावर सोडली नाही, हे फार चांगलं केलं. तुम्हाला एवढं मोठं साधन नको. सेक्शन वेगळा करा, ऑब्जडंपच्या (मशीन कोड असेंब्लीत दाखवणाऱ्या साधनाच्या) आउटपुटवर एक स्क्रिप्ट चालवा, आणि त्या सेक्शनमधून बाहेर जाणारा किंवा पॉइंटरमधून होणारा कॉल दिसला की बिल्ड पाडा. आधी हे करा. नंतरचं प्रत्येक पाऊल त्यामुळे निर्धास्त टाकता येईल.

मग स्टब आटोपशीर करा: ज्या एक्सेप्शनला एरर कोड नसतो त्यासाठी खोटा कोड पुश करणं, रजिस्टर्स साठवणं, स्वॅपजीएस (जीएस रजिस्टरच्या यूजर आणि कर्नल बेसची अदलाबदल), लागलं तर सीआर३ (पेज टेबल दाखवणारं रजिस्टर) आणि स्टॅक बदलणं, सी ला कॉल, शेवटी आयरेट (इंटरप्टमधून परतण्याची सूचना). बाकी सगळं एका मॅक्रोतून निघणाऱ्या आवरणात जाऊ दे, म्हणजे नवा हँडलर लिहिणाऱ्याला क्रम चुकवायची सोयच उरत नाही. आवरणातल्या एन्ट्री फंक्शनने आत येताना काय केलं ते परत द्यावं आणि एक्झिटने तेच वापरावं. लिनक्समध्ये आयडल कोअरवर इंटरप्ट आला तर आरसीयूला (कर्नलमधल्या लॉकशिवाय वाचू देणाऱ्या यंत्रणेला) जागं करावं लागतं, एरवी सहसा नाही. बाहेर पडताना हे नव्याने ओळखायला जाऊ नका.

क्रमही महत्त्वाचा आहे. शून्याने भागाकारासारखी साधी एक्सेप्शन्स आधी, पेज फॉल्ट त्यानंतर, डिव्हाइस इंटरप्ट शेवटी. लिनक्सचं ते कामसुद्धा पाच भागांत पाठवलं होतं.

एनएमआयला (थोपवता न येणाऱ्या इंटरप्टला) मात्र वेगळा रस्ता ठेवा. साधा स्टब साठवलेल्या सीएस रजिस्टरचे खालचे दोन बिट बघून यूजरमधून आलो का ते ठरवतो. एनएमआय कुठेही येऊ शकतो, अगदी सिस्टिम कॉलची एन्ट्री आणि स्वॅपजीएस यांच्या मधेही. तेव्हा सीएस कर्नलचा दिसतो, पण जीएस अजून यूजरचाच असतो. जीएस बेस अ‍ॅड्रेस कर्नलच्या बाजूचा दिसतो का, हे बघून पूर्वी काम भागायचं. एफएसजीएसबेस ही प्रोसेसरची सोय चालू केलीत की यूजर प्रोग्रॅम तिथे हवं ते लिहू शकतो, मग ती खूण विश्वासाची राहत नाही. तेव्हा जुनी किंमत साठवा, आपली घाला आणि जाताना जुनी परत ठेवा. शिवाय एनएमआय हँडलरच्या आत फॉल्ट झाला तर त्याचा आयरेट एनएमआय पुन्हा खुला करतो, आणि दुसरा एनएमआय त्याच स्टॅकवर येऊन पहिल्याची फ्रेम पुसतो. सुरुवातीला त्या हँडलरमध्ये फॉल्ट होईल असं काहीच ठेवू नका, ट्रेसरचा तो बफर तर नाहीच.

इंटेलच्या फ्रेड या नव्या एन्ट्री पद्धतीमध्ये यातलं बरंच हार्डवेअरनेच सोडवलंय: फॉल्टचा अ‍ॅड्रेस थेट स्टॅकवर येतो आणि जीएसची अदलाबदल प्रोसेसर करतो. लिनक्समध्ये त्याचा आधार २०२४ मध्ये ६.९ पासून आहे. पण तुमचा कर्नल जुन्या मशिन्सवरही चालायचा असेल तर वरचं काही चुकत नाही.

आज संध्याकाळी एवढंच करून बघा: स्टबमधला ट्रेसरचा कॉल काढा, हँडलरच्या पहिल्या ओळीत सीआर२ वाचा, आणि ट्रेसरची नोंद त्याच्या खाली न्या. अ‍ॅड्रेस तरीही बदलला तर त्या फंक्शनचा ऑब्जडंप इथे टाका. वाचण्याआधी कंपायलरने काही घुसवलंय का ते बघू.