टीएसएच नॉर्मल, तरी ताईला एवढा थकवा का?

प्रश्न : माझी मोठी बहीण देवगडजवळच्या खेड्यात राहते. वय ३९. अकरा वर्षांपूर्वी मुलीच्या वेळी बाळंतपणात तिचं खूप रक्त गेलं, बाटल्या चढवाव्या लागल्या. दूध आलंच नाही, मुलगी वरच्या दुधावर वाढली. त्यानंतर पाळीही आली नाही. मे महिन्यात आम्ही सगळे घामाघूम आणि ताई पडवीत शाल पांघरून बसलेली. पूर्वी कलमांच्या बागेत दिवसभर राबायची, आता विहिरीवरून एक कळशी आणली की खाली बसते. गेल्या पावसाळ्यात साध्या तापात ती बरळायला लागली. रक्तातलं सोडियम ११८, म्हणजे खूपच कमी निघालं. सलाइन लावून घरी पाठवलं, मीठ जास्त खायला सांगितलं. थायरॉइडसाठी केलेली टीएसएच तपासणी नॉर्मल आहे. आता घरचे म्हणतात, सगळं मनाचं आहे. तसं असेल का? आणि तिच्या मुलीलाही हे होईल का?
– एक वाचक, जि. सिंधुदुर्ग

उत्तर : ताईंना तपासल्याशिवाय मी छातीठोकपणे निदान सांगणार नाही. पण बाळंतपणातला रक्तस्राव, मग दूध नाही, मग पाळी नाही, हा क्रम वाचल्यावर माझ्या मनात पहिलं नाव आलं ते शीहान सिंड्रोमचं. हॅरॉल्ड शीहान या ब्रिटिश डॉक्टरांनी १९३७ साली त्याचं सविस्तर वर्णन केलं. इतकी जुनी माहिती हाताशी असताना एका बाईने अकरा वर्षं हे ‘मनाचं’ म्हणून अंगावर काढावं, याचा मला खरंच राग येतो.

नाकाच्या मुळामागे, मेंदूच्या खाली पिट्युइटरी म्हणजे पीयूषिका ग्रंथी असते, वाटाण्याएवढी. गरोदरपणात ती बरीच मोठी होते आणि तिला रक्त जास्त लागतं. तिच्या पुढच्या भागाला रक्त मिळतं ते मात्र कमी दाबाच्या बारीक नसांतून. बाळंतपणात रक्त धो धो गेलं, बीपी कोसळलं, की या भागातल्या हार्मोन बनवणाऱ्या पेशी मरतात. प्रोलॅक्टिन गेलं की दूध येत नाही. एलएच आणि एफएसएच गेले की पाळी थांबते. वाढीचं हार्मोन गेलं की मोठ्या माणसाच्याही स्नायूंची ताकद घटते. काखेतले केस गळालेत का, चेहरा फिकुटलाय का, हे ताईंना तुम्हीच विचारा. अशा गोष्टी बायका डॉक्टरांपुढे संकोचाने बोलत नाहीत.

आता टीएसएचबद्दल, कारण सगळा घोळ तिथे झालाय असं मला वाटतं. टीएसएच थायरॉइड ग्रंथी बनवत नाही, पिट्युइटरी बनवते. थायरॉइड मंदावला की पिट्युइटरी टीएसएच वाढवते, आणि तो वाढलेला आकडा बघून आपण निदान करतो. पण पिट्युइटरीच निकामी झाली असेल तर आकडा वाढवणार कोण? तो नॉर्मल दिसतो आणि थायरॉइडचं हार्मोन मात्र कमी असतं. म्हणून टीएसएचबरोबर फ्री टी-४, म्हणजे थेट थायरॉइडच्या हार्मोनची तपासणी करायलाच हवी.

त्याहून तातडीची तपासणी कॉर्टिसॉलची, म्हणजे शरीरातल्या नैसर्गिक स्टेरॉइड हार्मोनची. पिट्युइटरीकडून हुकूम देणारं एसीटीएच हे हार्मोन मिळालं नाही तर मूत्रपिंडावरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी पुरेसं कॉर्टिसॉल बनवत नाहीत. त्यामुळे शरीरात पाणी साठतं आणि सोडियम उतरतं. ते कितीही सोलकढी-मीठ पाजलं तरी टिकणार नाही. कॉर्टिसॉलचं रक्त सकाळी आठच्या सुमारास द्यावं लागतं. पहिल्या एसटीने निघून तुम्हाला उशीर होणार असेल तर आदल्या रात्री गावात कुणाकडे तरी मुक्कामाला राहा. आकडा ३ मायक्रोग्रॅमच्या खाली आला तर कमतरता जवळजवळ नक्की. अधलामधला आला तर इंजेक्शन देऊन पुन्हा तपासतात. एमआरआय नंतर केला तरी चालेल. बाळंतपणाचे जुने कागद सोबत न्या आणि तो रक्तस्राव डॉक्टरांना आपणहून सांगा.

एक गोष्ट अधोरेखित करून ठेवा. कॉर्टिसॉल कमी असताना नुसती थायरॉइडची गोळी सुरू केली तर जीव धोक्यात येऊ शकतो. आधी कॉर्टिसॉलची उणीव भरणारी हायड्रोकॉर्टिसोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टेरॉइडची गोळी, मग थायरॉक्सिन ही थायरॉइडची गोळी. पुढे थायरॉक्सिनचा डोस फ्री टी-४ बघून ठरवायचा, टीएसएच बघून नाही. हाडांसाठी आणि पाळीसाठीच्या गोळ्या स्त्रीरोगतज्ज्ञ ठरवतील.

मुलीची काळजी सोडा, हे आनुवंशिक नाही.

निदान पक्कं झालं तर गोळ्या जन्मभराच्या. स्टेरॉइड म्हटलं की आपल्याकडे लोक घाबरतात, ‘गरम पडतात’ म्हणून शेजारीण बंद करायला लावते. इथे आपण शरीरात नसलेलं हार्मोन तेवढंच भरून देतो आहोत. ते अचानक बंद करणं हाच मोठा धोका. ताप आला तर डोस दुप्पट करावा लागतो, तो कसा ते डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. उलट्या होऊन गोळी पोटात टिकली नाही तर इंजेक्शनच लागतं. पावसात तुमच्याकडे रस्ते बंद होतात, म्हणून हायड्रोकॉर्टिसोनची १०० मिलिग्रॅमची एक कुपी आणि सिरिंज घरात हवी. ती कशी टोचायची हे जवळच्या आरोग्य केंद्रातल्या सिस्टरकडून तुम्ही आणि भावोजी दोघांनी शिकून घ्या.