साध्या एफटीआयआरवर लिक्विड क्रिस्टलच्या रेणूंची मांडणी आणि हालचाल कळते का?

तुम्ही परभणीहून विचारलंय की कॉलेजात साधं एफटीआयआर (पदार्थ कोणता इन्फ्रारेड प्रकाश किती शोषतो ते मोजणारं यंत्र) आहे, त्यावर एमएस्सीचा हा प्रोजेक्ट होईल का. मांडणीचा होईल. हालचाल मात्र अर्धीच हाती लागेल.

आधी केबीआर पेलेट, म्हणजे पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये नमुना घोटून दाबलेली चकती, डोक्यातून काढा. खलात घोटलं की रेणूंची दिशा गेली, आणि आपल्याला तीच मोजायची आहे. ५सीबी हे लिक्विड क्रिस्टल घ्या. कॅल्शियम फ्लोराइडच्या दोन खिडक्यांवर पीव्हीएचा (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) पातळ थर देऊन तो वाळल्यावर मखमलीनं एकाच दिशेनं घासा, मध्ये दहाएक मायक्रॉनचा स्पेसर (अंतर राखणारी पातळ पट्टी) ठेवून द्रव भरा. हा झाला तुमचा सेल. रेणू घासलेल्या दिशेनं लागतात.

५सीबीच्या टोकाला सायनो गट असतो. त्याचं कंपन रेणूच्या लांबीच्या दिशेनं होतं आणि त्याची शोषणाची पट्टी स्पेक्ट्रममध्ये २२२६ सेमी⁻¹ जवळ एकटीच उभी दिसते. पोलरायझर (एकाच दिशेनं कंप पावणारा प्रकाश सोडणारी गाळणी) लावून घासलेल्या दिशेला समांतर एक आणि काटकोनात एक असे दोन स्पेक्ट्रम घ्या. समजा शोषण ०.९० आणि ०.२० आलं. गुणोत्तर ४.५, मग (४.५−१)/(४.५+२) म्हणजे ०.५४. हा ऑर्डर पॅरामीटर. सगळे रेणू अगदी एका रेषेत असते तर १, वाटेल तसे असते तर ०. यंत्र स्वतःही प्रकाश थोडा पोलराइझ करतं, त्यामुळे पोलरायझरला हात न लावता सेलच ९० अंश फिरवलेला बरा.

२९३० च्या आसपास रेणूच्या कार्बन साखळीच्या शेपटीतल्या सीएच२ गटाची पट्टी उलट वागेल, काटकोनात जास्त. तिथलं कंपन साखळीला आडवं असतं, त्यामुळे वरचं सूत्र तिला जसंच्या तसं लावू नका.

आता आपल्याकडची खरी अडचण. ५सीबी साधारण २४ ते ३५ अंशांतच नेमॅटिक असतं, म्हणजे वाहतं, पण रेणू साधारण एकाच दिशेनं लागलेले राहतात. मे महिन्यात वीज गेली, एसी बंद पडला की बाटलीतलं दुधाळ द्रव कपाटातच पाण्यासारखं निवळतं. तेव्हा दोन्ही स्पेक्ट्रम सारखेच येणार. तापमान धरून ठेवणारा सेल-होल्डर मिळवाच. तो असला तर ३५ च्या आसपास अर्ध्या-अर्ध्या अंशानं वर जा. ऑर्डर पॅरामीटर हळूहळू उतरतो आणि शेवटी एकदम शून्यावर पडतो. प्रोजेक्टमधला सगळ्यात देखणा आलेख हाच.

हालचालीचं म्हणाल तर व्होल्टेजनं रेणू मिलिसेकंदांत वळतात आणि तुमचं यंत्र एका स्कॅनला सेकंदभर घेतं. रेणूचा कडक गाभा आधी वळतो की शेपटी, हे बघायला स्टेप-स्कॅन, म्हणजे आरसा टप्प्याटप्प्यानं थांबवत झटपट बदल टिपणारं एफटीआयआर लागतं. पण व्होल्टेज लावण्याआधीचा आणि नंतरचा स्पेक्ट्रम तुम्हीही घेऊ शकता. त्यासाठी खिडक्या जर्मेनियमच्या घ्या, त्याच इलेक्ट्रोड म्हणूनही चालतात. रेणू किरणाच्या दिशेनं उभे राहिले की २२२६ ची पट्टी खाली बसते.