लिंडी हॉप, जिटरबग, स्विंग : नाच एक की तीन?

विचारणा अशी : १९३०च्या दशकातल्या न्यूयॉर्कविषयीचा मजकूर मराठीत आणायचा आहे. त्यात कुठे 'लिंडी हॉप' येतो, कुठे 'जिटरबग', कुठे नुसता 'स्विंग'. सरसकट 'स्विंग नृत्य' लिहिलं तर चालेल का?

चालून जाईल, पण बोलणारा कोण हे कळणार नाही.

लिंडी हॉप हे नाव घरचं. न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीतल्या कृष्णवर्णीयांनी १९२०च्या दशकाच्या अखेरीस चार्ल्स्टन, ब्रेकअवे अशा नाचांतून तो घडवला. १९२६ साली सुरू झालेल्या सॅव्हॉय बॉलरूममध्ये तो वाढला. 'लिंडी' म्हणजे १९२७ मध्ये एकट्याने विमानातून अटलांटिक ओलांडणारा चार्ल्स लिंडबर्ग, आणि 'हॉप' हा शब्द तेव्हा विमानाच्या फेरीलाही वापरत. 'शॉर्टी' जॉर्ज स्नोडन या नर्तकाने पत्रकाराला हे नाव ऐनवेळी ठोकून दिलं, असं सांगतात. गोष्ट जरा जास्तच गोड आहे. असो.

या नाचाचा जीव 'स्विंगआउट'मध्ये. आठ मात्रांत जोडीदारीण ओढली जाते, दोघं मिठीत गर्रकन फिरतात आणि ती हातभर लांब सुटते. सुटली की ज्याची त्याची करामत. १९३५ मध्ये सॅव्हॉयचा नर्तक फ्रँकी मॅनिंग याने आपली जोडीदारीण फ्रीडा वॉशिंग्टनला पाठीवरून उलटी उडवली, तेव्हापासून हवेतल्या उड्याही आल्या.

जिटरबग हे मात्र बाहेरून चिकटलेलं नाव. दारूने हात थरथरणाऱ्याला उद्देशून हा शब्द होता. जॅझ गायक कॅब कॅलोवेच्या १९३४च्या गाण्यात तो त्याच अर्थाने येतो. पुढे बेभान नाचणाऱ्या तरुणांना, विशेषतः गोऱ्यांना, तो लागला आणि मग नाचालाच.

स्विंग हे मुळात संगीताचं नाव. त्यावरच्या नाचांना ते सरसकट लागलं. आर्थर मरेच्या नृत्यशाळांनी शिकवायला सोपा केलेला सहा मात्रांचा प्रकार ईस्ट कोस्ट स्विंग. एका सरळ पट्ट्यात पुढे-मागे चालतो तो कॅलिफोर्नियातला वेस्ट कोस्ट. तिथलाच बाल्बोआ खच्चून भरलेल्या हॉलमधला : छातीला छाती, पाय जमिनीलगत, कारण लाथ झाडायला जागाच नाही.

तेव्हा सॅव्हॉयच्या नर्तकाच्या तोंडी लिंडी हॉप ठेवा, नाक मुरडणाऱ्याच्या तोंडी जिटरबग, आणि स्विंग निवेदनात. 'झुला नृत्य' मात्र कृपा करून नको. आणि क्रियापद थेट चालतं : 'ते रात्रभर लिंडी हॉप नाचले'.