तोफेशेजारचा दिवा

प्रश्न : दिवाळीच्या सुटीत अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय पाहिलं. एका रणगाड्याच्या तोफेशेजारी काळपट काचेचा मोठा दिवा होता. काका म्हणाले, तो रात्रीच्या लढाईसाठी. मग नव्या रणगाड्यांवर तो का नसतो? त्यांना अंधारात दिसतं कसं?
– अकरावीतली विद्यार्थिनी, कर्वेनगर, पुणे

उत्तर : काकांचं बरोबर आहे. ती काळपट काच म्हणजे गाळणी. दिव्याचा दिसणारा उजेड ती अडवते आणि फक्त डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण बाहेर सोडते. गनरच्या दुर्बिणीला ते दिसतात. टी-५५, टी-७२ या सोव्हिएत रणगाड्यांवर असेच दिवे होते. पण शत्रूकडेही तशी दुर्बीण असली, तर त्याला सगळ्यात आधी हा दिवाच दिसतो. रात्री आपला ठावठिकाणा आपणच सांगितल्यासारखं!

मग चांदण्यांचा उजेड हजारो पटींनी वाढवणाऱ्या नळ्या आल्या. त्यांतलं हिरवट चित्र तू पाहिलं असशील. मात्र ढगाळ अमावास्येला वाढवायला उजेडच उरत नाही.

आताचा खरा आधार थर्मल कॅमेरा. तू, मी, इंजिन, दगड, सगळेच आपापल्या तापमानानुसार किरण सोडत असतात. २७ अंश सेल्सिअसच्या वस्तूचे किरण १० मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सर्वांत प्रखर असतात आणि ८ ते १२ मायक्रॉनच्या पट्ट्यात हवा त्यांना फारशी अडवत नाही. २६ फेब्रुवारी १९९१ ला इराकच्या वाळवंटात वाळूचं वादळ चालू असताना अमेरिकी रणगाड्यांनी इराकी टी-७२ हेरले, ते याच कॅमेऱ्यांनी.

साध्या काचेतून हे किरण जात नाहीत, म्हणून भिंगं जर्मेनियमची. माझी नोकरी भिंगं तपासण्यात गेली. नवा मुलगा कामावर आला की हमखास जर्मेनियमचं भिंग डोळ्याला लावायचा आणि चक्रावायचा, कारण पलीकडचं काहीच दिसत नाही. हाताला जड, करडं आणि आरशासारखं चकचकीत. लेप दिला नाही, तर त्याच्या एकाच पृष्ठभागावरून एक तृतीयांशाहून जास्त किरण मागे फिरतात. त्यामुळे लेपावर बारीकसा ओरखडा दिसला तरी माझा जीव खाली-वर व्हायचा.

थर्मललाही अडचणीच्या वेळा असतात. एप्रिलमध्ये सूर्य मावळल्यावर वेताळ टेकडीवरच्या कातळाला हात लावून बघ, चांगलाच गरम लागेल. पहाटे तोच गार. या चढउतारात कधीतरी कातळ आणि त्यापुढे बंद उभी असलेली गाडी यांचं तापमान जवळजवळ सारखं होतं आणि चित्रात गाडी पुसली जाते. दिवस उजाडताना आणि मावळताना हे जास्त होतं. संततधार पावसातही चित्र असंच सपाट पडतं.

म्हणून एकाच पेटीत दिवसाचा कॅमेरा, थर्मल आणि अंतर मोजणारा लेसर असे तिन्ही बसवतात. लेसरचं काम सोपं : २ किलोमीटरवर जाऊन परत यायला त्याला साधारण १३ मायक्रोसेकंद लागतात, त्यावरून अंतर. कठीण काम आहे तिघांची नजर एकाच बिंदूवर ठेवण्याचं. एका मिलिरेडियनची, म्हणजे अंशाच्या साधारण सतराव्या भागाची चूक २ किलोमीटरवर २ मीटर होते. म्हणजे थर्मलमध्ये नेमाची रेघ रणगाड्यावर आणि लेसर शेजारच्या झुडपावर. त्यात गाडी खाचखळग्यांतून उधळतेय, तोफेचे धक्के बसताहेत, बाहेर ऊन ४५ अंशांचं. एवढं सोसूनही तिन्ही अक्ष जागचे हलले नाहीत, तरच आम्ही पेटी पास करायचो.