ऑर्डिनन्स, गॅझेट, नोटिफिकेशन, प्रोक्लमेशन: अर्थ आणि मूळ

चोपड्याच्या ताईंनी विचारलंय की परीक्षेच्या पुस्तकात हे सगळे शब्द 'सरकारी घोषणा' या एकाच अर्थाने वापरले तर चालतील का, आणि ते आले कुठून. ताई, चालणार नाही. धुळ्याला महसूल खात्यात नोकरी केली, तेव्हा या शब्दांची गल्लत झाल्याने शेतकऱ्यांचं होणारं नुकसान जवळून पाहिलं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात जास्त घोळ ऑर्डिनन्सचा. मंत्रालयातून साधा जीआर निघाला तरी लोक, आणि वर्तमानपत्रंसुद्धा, 'सरकारने अध्यादेश काढला' म्हणतात. जीआर म्हणजे शासन निर्णय, एखाद्या विभागाने काढलेला. अध्यादेश म्हणजे ऑर्डिनन्स, आणि राज्यात तो फक्त राज्यपाल काढतात. घटनेचं कलम २१३ पाहा (राष्ट्रपतींसाठी १२३). त्याला कायद्याइतकंच बळ असतं, पण अधिवेशन पुन्हा भरल्यावर सहा आठवड्यांत विधिमंडळाने तो मान्य केला नाही तर तो संपतो. शब्दाचं मूळ लॅटिन 'ऑर्डो', म्हणजे रांग, क्रम. त्यावरून लावून दिलेली व्यवस्था. आपल्या भुसावळ आणि वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतला 'ऑर्डनन्स' हा मुळात हाच शब्द! सैन्याच्या सामानाची व्यवस्था, त्यावरून तोफा-दारूगोळा असा अर्थ रुळला आणि स्पेलिंगमधला 'आय' गळाला.

गॅझेटचा उगम सोळाव्या शतकातल्या व्हेनिसमध्ये सांगतात. 'गाझेता' हे तिथलं किरकोळ नाणं, आणि तेवढ्या किमतीला मिळणाऱ्या बातमीच्या कागदालाही तेच नाव पडलं. इंग्लंडमध्ये १६६५ साली लंडनला प्लेग होता, राजदरबार ऑक्सफर्डला होता, तिथे 'ऑक्सफर्ड गॅझेट' निघालं. पुढे तेच 'लंडन गॅझेट' झालं, आणि त्यामुळे गॅझेट म्हणजे राजपत्र हा अर्थ पक्का झाला. १८८० चं खानदेशावरचं जाडजूड पुस्तक आपण 'खानदेशचं गॅझेट' म्हणतो, ते मात्र गॅझेटिअर. तो आहे प्रदेशाचा माहितीकोश, त्यात हुकूम नसतात.

नोटिफिकेशन म्हणजे अधिसूचना; लॅटिनमधला मूळ अर्थ 'माहीत करून देणे'. इतका साधा अर्थ, पण ती राजपत्रात छापून आली की मुदत धावू लागते. भूसंपादनाच्या २०१३ च्या कायद्यात कलम ११ ची प्राथमिक अधिसूचना निघाल्यावर हरकतीला ६० दिवस मिळतात. राष्ट्रीय महामार्ग कायद्यात, म्हणजे आपल्या सुरत-नागपूर महामार्गासारख्या कामात, ३-अ च्या अधिसूचनेनंतर फक्त २१ दिवस. 'पेपरात काहीतरी आलंय' म्हणून लोक कागद घडी करून ठेवतात आणि मुदत निघून जाते. याचं मला आजही वाईट वाटतं. कायद्यात पुढचा टप्पा 'डिक्लरेशन' येतो. तो शब्द दिसला की हरकतीची वेळ सरली असं समजा.

सर्क्युलर थोडक्यात: 'सर्कल'मधलंच मूळ, कचेऱ्यांमध्ये फिरवायचं पत्र. त्याने कायदा बदलत नाही. बुलेटिनच्या मुळाशी 'बुल्ला', म्हणजे कागदाला लावलेली गोल मोहर. पोपच्या हुकुमाला 'बुल' म्हणतात, तो शब्द तिथूनच आला.

राहिलं प्रोक्लमेशन. 'क्लामारे' म्हणजे ओरडणे, 'प्रो' म्हणजे पुढे, सर्वांसमोर. आपल्या दवंडीला सगळ्यात जवळचा शब्द हाच. १ नोव्हेंबर १८५८ चा राणीचा जाहीरनामा हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण, परीक्षेत हमखास येतं. पण हा शब्द आजही जिवंत आहे. आरोपी फरार झाला की न्यायालय प्रोक्लमेशन काढतं. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत ते कलम ८२ होतं, नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ८४ आहे. हजर होण्यासाठी निदान तीस दिवस द्यावे लागतात, आणि तो राहतो त्या गावातल्या ठळक जागी ते लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखवावं लागतं. नुसतं चिकटवून भागत नाही.