मागून धडक टाळायची तर आधी पुढचं अंतर बघा

ताई, तुम्ही विचारलंय की कोल्हापूरला हायवेवर तावडे हॉटेलजवळ पुढच्याने अचानक ब्रेक मारला, तुमची गाडी वेळेत थांबली, तरी मागच्याने ठोकलंच; यात तुमच्या हातात काय होतं? चूक मागच्याचीच. पण तुम्ही पुढच्याच्या फार जवळ असलात तर करकचून ब्रेक मारावा लागतो आणि मागच्याला सावरायला वेळच उरत नाही. पुढे मोकळी जागा असेल तर ब्रेक हळूहळू दाबता येतो, तुमचा लाल दिवा त्याला लवकर दिसतो.

हे अंतर सेकंदात मोजा. पुढची गाडी एखाद्या खांबाला मागे टाकते तेव्हापासून तुम्ही तिथे पोचेपर्यंत हायवेवर निदान तीन सेकंद जायला हवेत, पावसात त्याहून जास्त. ताशी 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. धोका दिसून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक ते दीड सेकंद जातो, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच 17 ते 25 मीटर संपले. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर चौपट होतं. एबीएसवर, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेवर, विसंबू नका. त्याने स्टीअरिंग ताब्यात राहतं, ओल्या रस्त्यावरची पकड वाढत नाही. मधे कुणी घुसेल म्हणाल, तर घुसू दे. अ‍ॅक्सिलरेटर जरा सोडा, अंतर पुन्हा तयार होतं.

आपल्या भागात मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती गळीत हंगामातल्या रात्रींची. उसाच्या ट्रॉलीला मागे बऱ्याचदा दिवा नसतो, रिफ्लेक्टर असला तरी लोंबणाऱ्या उसाखाली झाकलेला. ट्रॅक्टर ताशी 20 ने चाललाय आणि तुम्ही 80 ने, तर मधलं अंतर सेकंदाला 17 मीटरने घटतं. लो बीममध्ये ती ट्रॉली 50 मीटरवर दिसली तर हातात तीनच सेकंद. म्हणून हंगामात रात्री वेग उजेडाच्या टप्प्यात ठेवा. दिसतंय तेवढ्यात थांबता आलं पाहिजे. कागलकडे जाताना सहापदरीकरणाच्या कामाचे वळणरस्ते लागतात, तिथेही हेच. ट्रॉलीवाल्या भावांनाही कळकळीची विनंती: लाल रिफ्लेक्टर उसाबाहेर दिसेल असा बांधा. मागे दुचाकीवर कुणाचं तरी पोर असतं.

सिग्नलला थांबताना पुढच्या गाडीची मागची चाकं रस्त्याला टेकलेली दिसतील एवढी जागा सोडा, आरसा बघा आणि मागची गाडी थांबेपर्यंत पाय ब्रेकवरून काढू नका. नुसत्या हँडब्रेकने ब्रेक लाइट लागत नाही. चालत्या गाडीत पाऊस आला म्हणून चारी इंडिकेटर लावू नका. वळताना तुमचा इशाराच कळत नाही.

आणि हेडरेस्ट आज तपासा. त्याची वरची कड डोक्याच्या वरच्या भागाशी यावी आणि डोक्यामागे फट कमीत कमी असावी. मागून धक्का बसला की मान झटक्यात मागे जाते, ती तिथेच अडते. धडकेनंतर मान दुखत असेल तर गाडीच्या आधी डॉक्टर गाठा. हे दुखणं कधीकधी दुसऱ्या दिवशी वर येतं.