पहिल्याच भेटीत विचारून घे

अपघाताला वर्ष होत आलं तरी ब्रेकचा आवाज आला की अंग थरथरतं म्हणालास. माझंही तसंच होतं रे. खंडाळ्याच्या घाटातल्या त्या रात्रीनंतर डिझेलच्या वासानेही माझे तळहात ओले व्हायचे. सहा महिने एका समुपदेशकाकडे नुसतं बोलत राहिले. मन हलकं व्हायचं, स्वप्नं मात्र तीच. म्हणून सांगते, अशा धक्क्यानंतर मागे राहणाऱ्या त्रासाला पीटीएसडी म्हणतात; थेरपिस्टला पहिल्याच भेटीत स्पष्ट विचार, ‘पीटीएसडीसाठी तुम्ही नेमकी कोणती थेरपी देता?’

प्रोलाँग्ड एक्सपोजर या थेरपीत टाळलेल्या आठवणींना, जागांना हळूहळू सामोरं जायचं. साधारण 8 ते 15 सत्रं. ईएमडीआरमध्ये आठवण मनात धरून थेरपिस्टच्या हलत्या बोटांकडे बघायचं. कॉग्निटिव्ह प्रोसेसिंग थेरपी साधारण 12 सत्रांची, तिच्यात मनात रुतलेले विचार कागदावर उतरवून तपासतात. तिन्हींचा उपयोग होतो हे अभ्यासांतून दिसलंय, पण तू सारखा स्वतःलाच दोष देतोस, म्हणून मी तुला ही शेवटची सुचवेन. मी तीच घेतली. एकदा तक्ता भरताना ‘मी स्टिअरिंग वळवायला हवं होतं’ एवढं लिहिलं आणि पेन ठेवून ढसाढसा रडले. त्या आठवड्यात त्रास वाढला, सगळं सोडून द्यावंसं वाटलं. तुझंही तसं झालं तर गप्प बसून भेट चुकवू नकोस, थेरपिस्टला सांग.

क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी बघून घे. आणि जीव नकोसा वाटला तर पुढच्या भेटीची वाट बघू नकोस, त्याच क्षणी टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लाव. मराठीत बोलता येतं.